विंचवाचे विष, महाडची गोळी आणि ऑपरेशन थिएटरचा ट्रे

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांस वंदन करून आम्ही विषयाकडे वळतो. कार्यकारिणीने आम्हाला दिलेला विषय आहे, 'शस्त्रक्रियागृहातील औषधांची प्राथमिक ओळख'. आपल्या किनारपट्टीच्या गावांतली काही मुले-मुली ऑपरेशन थिएटर टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला गेली आहेत, काही जाणार आहेत. शरीररचना जमते, उपकरणांची नावे जमतात, पण औषधांचे पुस्तक उघडले की छातीत धडधडते, अशी त्यांची तक्रार आमच्या कानी आली. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. तेव्हा कोणाला कोणते औषध किती द्यावे हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. आज जे आकडे येतील ते औषध कसे समजून घ्यावे यासाठी आहेत. थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरे.

औषधांचा विषय आपल्याला परका मुळीच नाही. विनयपिटकातील महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचा एक सबंध भागच औषधांना दिलेला आहे. त्याच महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेला सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले. तो रिकाम्या हाताने परत आला आणि परीक्षेत उत्तीर्ण झाला. जीवकाने राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके उघडून शस्त्रक्रिया केल्याचेही तेथे वर्णन आहे. बाणाने घायाळ झालेल्या माणसाची उपमा तर आपण विहारात अनेकदा ऐकतो. बाण कोणी मारला, तो काळा की गोरा, याची चौकशी करत बसलास तर मरशील, हा तिचा आशय. तो मान्यच आहे. मात्र वैद्याला एक चौकशी करावीच लागते, ती म्हणजे विष कोणते आणि ते शरीरात काय करते. आमचा आजचा सगळा विषय या एका चौकशीचा आहे. त्यासाठी उदाहरण लांबून आणण्याची गरज नाही. ते आपल्या रायगड जिल्ह्यातच, महाडला आहे.

महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, चवदार तळे आठवते. त्याच महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेला. हाल सोसून शिकलेल्या या माणसाचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र आपल्या वाचनालयात असायला हवे, अशी सूचना आम्ही जाता जाता करून ठेवतो.

त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. कोकणातला लाल विंचू आकाराने लहान. काळी इंगळी मोठी, दिसायला भयंकर, पण जीव घेण्यात लाल विंचू तिच्या पुढे. पेंढ्यात, लाकूडफाट्यात, कौलांत, दगडांच्या बांधात तो दडून असतो. लहान मुलाला चावला की आधी मुलाला घाम, मग उलट्या, हातपाय बर्फासारखे थंड. काही तासांनी धाप लागायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि मूल हातचे जायचे. घरचे लोक मांत्रिकाकडे जात. मांत्रिकाला यशही मिळे, त्याचे कारण समजून घ्या. विंचू चावलेल्या पुष्कळ माणसांना फक्त ठणका लागतो आणि तो काही तासांनी आपोआप उतरतो. उतरला की श्रेय मंत्राला, मूल दगावले की दोष नशिबाला. हा हिशेब आमच्या बँकेत चालणार नाही! जमा एका खात्यात आणि नावे दुसऱ्याच्या खात्यात! महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे, हे येथील प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

पण मंडळी, त्या वेळी दवाखान्यात नेऊनही मुले मरत होती, हे कटू सत्य आहे. भूल व गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण दिले जाई, अॅट्रोपिन दिले जाई, स्टिरॉइड दिले जाई. औषधे खरी होती. देणारे शिकलेले होते. तरी गुण येत नव्हता, कारण विष नेमके काय करते याचा उलगडा झाला नव्हता. उलट अॅट्रोपिनने आधीच धावणारे हृदय आणखी धावते. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावतो. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात सांगितले जाते. डॉ. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. घाम किती वाजता आला, उलटी केव्हा झाली, हात थंड केव्हा पडले, नाडी किती, रक्तदाब किती, हे लिहीत गेले. त्या नोंदींवरून त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणे मांडली आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीचे हे मोल आहे.

आता विष काय करते ते पाहू. हे नीट समजले तर औषधांच्या पुस्तकाचा निम्मा धडा समजला म्हणा.

आपल्या मज्जातंतूंवर सोडियम आत जाण्याची बारीक दारे असतात. ती उघडतात, लगेच मिटतात, आणि संदेश पुढे जातो. विंचवाचे विष ही दारे मिटूच देत नाही. परिणामी मज्जातंतू सारखे पेटलेले राहतात आणि शरीरात अॅड्रिनॅलिन व नॉरअॅड्रिनॅलिन यांचा पूर येतो. अॅड्रिनॅलिन म्हणजे मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीतून स्रवणारा पदार्थ. कुत्रा अंगावर आला की आपण घाबरतो, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, ते याच्यामुळे. हा पदार्थ रक्तातून फिरतो, पण काम करतो ठरावीक जागी. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर, हृदयावर त्याच्यासाठी जणू कुलपे बसवलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठी पुस्तकात ग्राही. १९४८ साली अमेरिकेतल्या अहलक्विस्ट नावाच्या शास्त्रज्ञाने ही कुलपे दोन प्रकारची आहेत असे मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. ढोबळमानाने, अल्फाचे कुलूप उघडले की रक्तवाहिन्या आवळतात. हृदयावर मुख्यतः बीटा असतात. ते उघडले की हृदय जोरात व भराभर चालते.

विंचू चावलेल्या मुलात सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या. म्हणून हातपाय थंड. हृदयाला त्या अरुंद नळ्यांतून रक्त ढकलायचे आहे. रक्तदाब चढतो, हृदय थकते, मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसात पाणी झिरपते. तोच तो गुलाबी फेस.

एवढे कळल्यावर उपाय दिसू लागतो. रक्तवाहिन्या सैल करा. सुरुवातीला सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून देण्याचे औषध वापरून पाहिले गेले. ते प्रभावी आहे, पण ठिबक-ठिबक द्यावे लागते, उजेडापासून झाकून ठेवावे लागते आणि रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. जिथे रात्री वीज जाते अशा खेडेगावात हे कसे जमावे? मग प्राझोसिन आले. ही रक्तदाबाच्या रुग्णांसाठी निघालेली साधी, स्वस्त, तोंडाने घेण्याची गोळी. ती अल्फाच्या कुलपात जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. अॅड्रिनॅलिनची किल्ली आली तरी लावायला जागाच नाही. डॉ. बावस्करांनी १९८३-८४ च्या सुमारास ती विंचूदंशाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. १९८६ साली तो अनुभव 'लॅन्सेट'मध्ये आला. मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास खाली आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा वाटा बरोबरीचा आहे. अनेक शोधनिबंधांवर दोघांची नावे आहेत. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

येथे एक फसगत टाळा. 'ब्लडप्रेशरची गोळी' म्हणजे सगळ्या सारख्या, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. प्रोप्रानोलोल हीही रक्तदाबावरच दिली जाणारी गोळी आहे. पण ती बीटाचे कुलूप अडवते. विंचूदंशात ती दिली तर थकलेले हृदय आणखी दुबळे होईल आणि अल्फा मोकाट सुटून रक्तवाहिन्या आवळतच राहतील. आजाराच्या नावाने औषध ओळखू नका, ते कोठे जाऊन बसते यावरून ओळखा. प्राझोसिनचीही हळूहळू विरघळणारी गोळी मिळते. ती तातडीच्या वेळी उपयोगाची नाही आणि ती फोडून किंवा कुटूनही द्यायची नसते. वेष्टनावर नाव तेच असते. खाली लिहिलेली दोन बारीक अक्षरे वेगळी असतात.

आता आमच्या प्रांतातला मुद्दा, म्हणजे आकडा. मुलांसाठी प्राझोसिनचे प्रमाण दर किलो वजनाला ३० मायक्रोग्रॅम असे दिलेले असते. मूल १५ किलोचे असेल तर ४५० मायक्रोग्रॅम. एक हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणजे ०.४५ मिलिग्रॅम. गोळी एक मिलिग्रॅमची, तेव्हा अर्ध्या गोळीहून किंचित कमी. कोणी दशांश चिन्ह एक घर सरकवले तर ४.५ मिलिग्रॅम होतील आणि त्या मुलाचा रक्तदाब धाडकन कोसळेल. या औषधाच्या पहिल्या मात्रेने मोठ्या माणसालाही उभे राहताच चक्कर येऊ शकते, म्हणून रुग्णाला आडवे ठेवतात. बँकेत दशांश चुकला तर संध्याकाळी ताळेबंद जुळत नाही. आम्ही दिवे लावून बसतो आणि रात्री नऊला का होईना, चूक सापडते. औषधाला संध्याकाळ नसते. म्हणून पूर्णांक नसेल तेथे आधी शून्य लिहा. '.४५' असे कधीच लिहू नका, '०.४५' लिहा. आणि पूर्णांकानंतर उगाच '.०' जोडू नका. '५.०' चे घाईत ५० वाचले जाते.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणार, तेथे विंचू कोठून आला? आला आहे. तो तुमच्या ट्रेमध्येच आहे.

छोटी शस्त्रक्रिया करताना जागा बधिर करण्यासाठी लिग्नोकेन वापरतात. काही वेळा त्यात अॅड्रिनॅलिन मिसळलेले असते. इंजेक्शन दिल्यावर त्या जागी कातडी पांढरी पडते, तुम्ही ते पाहालच. विंचू चावलेल्या मुलाचे हात थंड व पांढरे पडतात, तीच ही क्रिया. फरक एवढाच की तेथे ती सर्वांगाला झाली आणि येथे आपण ती रुपयाएवढ्या जागेत मुद्दाम घडवून आणली. रक्तवाहिन्या आवळल्या म्हणजे रक्तस्राव कमी होतो आणि बधिरतेचे औषध तेथून लवकर वाहून जात नाही, परिणाम जास्त वेळ टिकतो. त्यामुळेच अॅड्रिनॅलिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा जास्त असते. पुष्कळ पुस्तकांत साध्या लिग्नोकेनची किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि अॅड्रिनॅलिनसह ७ मिलिग्रॅम अशी दिलेली असते. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे १०० मिलिलीटरमध्ये दोन ग्रॅम, म्हणजेच एका मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम. ५० किलोच्या माणसाला साधे असेल तर १५० मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिलीटर ही सीमा. हा हिशेब पाचवी-सहावीच्या त्रैराशिकाचा आहे. अॅड्रिनॅलिनची बाटली आणि साधी बाटली यांची लेबले मात्र पुन्हा पुन्हा वाचली पाहिजेत. बोटांच्या टोकाला अॅड्रिनॅलिन नको अशी जुनी शिकवण आहे. अलीकडे काही शल्यविशारद योग्य प्रमाणात ते वापरतात. तो निर्णय त्यांचा. आपल्या हातात कोणती बाटली आहे ती मोठ्याने वाचून दाखवणे हे काम तुमचे.

अॅड्रिनॅलिनच्या एका अँप्युलवर '१:१०००' असे छापलेले असते. म्हणजे एका मिलिलीटरमध्ये एक मिलिग्रॅम. '१:१०,०००' म्हणजे त्याच्या दहावा भाग. आणि लिग्नोकेनमधले '१:२,००,०००' म्हणजे मिलिलीटरला अवघे ५ मायक्रोग्रॅम. येथे आकडा मोठा दिसतो आणि औषध कमी असते. नवख्या माणसाची गफलत नेमकी येथे होते.

विषाचे औषध झाल्याचे दुसरे उदाहरण थिएटरात रोज दिसते. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचे विष लावीत. त्याने शिकारीचे स्नायू लुळे पडत. १९४२ साली कॅनडातील माँट्रियल येथे ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी वापरले. आज त्या कुळातली नवी औषधे वापरतात. या औषधाने माणूस हलत नाही, श्वासही घेत नाही, पण त्याची शुद्ध जात नाही आणि वेदनाही थांबत नाहीत. शुद्ध घालवण्याचे औषध वेगळे, वेदना थांबवण्याचे वेगळे. भूल म्हणजे एक इंजेक्शन, असे घरी वाटते. प्रत्यक्षात ती तीन-चार औषधांची जुळणी असते आणि त्यांतली एक सिरिंज दुसरीच्या जागी गेली तर काय होईल याचा विचार करा. म्हणूनच सिरिंजवर रंगीत लेबले लावण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. शुद्ध घालवणाऱ्याला पिवळे, स्नायू सैल करणाऱ्याला लाल, अफूच्या कुळातील वेदनाशामकाला निळे, बधिरतेच्या औषधाला करडे, रक्तदाब वाढवणाऱ्याला जांभळे. एखाद्या औषधाचा उतारा असेल तर त्याच रंगावर तिरके पांढरे पट्टे. उतारा हा आपला विंचवाचाच शब्द आहे, एकनाथांच्या विंचवाच्या भारुडापासून चालत आलेला! रंगावर विसंबून नाव वाचायचे टाळू नका, एवढे मात्र सांगतो. भरलेल्या सिरिंजवर लेबल नसेल तर ती टाकून द्यायची. आत काय आहे याची आठवण कोणाला कितीही पक्की असो.

आता नावांची भीती. आम्ही कला शाखेचे, म्हणून आम्हाला ही नावे व्याकरणासारखी दिसली. शब्दाचा प्रत्यय पाहिला की विभक्ती कळते ना, तसे येथेही शेपटी पाहावी. शेवटी 'केन' असेल, लिग्नोकेन, बुपिवाकेन, तर जागा बधिर करणारे. 'ओलोल' असेल, मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल, तर बीटा अडवणारे. 'झोसिन' असेल, प्राझोसिन, टेराझोसिन, तर अल्फा अडवणारे. 'क्युरोनियम' किंवा 'क्युरियम' असेल, व्हेक्युरोनियम, अॅट्राक्युरियम, तर त्यात क्युरारेचे नाव लपलेले आहे, स्नायू सैल करणारे. घरी पालीतली गाथा न चुकता म्हणणाऱ्या मुलाला चाळीस शेपट्या जड जाऊ नयेत. इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा शेजारी बसून हीच नावे भराभर म्हणेल. म्हणू द्या. त्याला अल्फा-बीटाचे कुलूप समजावून सांगायला सांगा, मग कोण कोठे आहे ते कळेल.

महाडची गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही. लाल विंचवावरची प्रतिलस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागली, तेव्हा प्रश्न आला की नुसते प्राझोसिन चांगले की प्रतिलस जोडून दिलेले. ज्या डॉक्टरांचे नाव प्राझोसिनशी जोडलेले, त्यांनीच हे तपासून पाहिले. महाडमध्ये ७० रुग्णांवर अभ्यास झाला आणि २०११ साली तो 'बी.एम.जे.' या ब्रिटिश नियतकालिकात आला. नुसत्या प्राझोसिनने बरे व्हायला सरासरी १७.७ तास लागले, प्रतिलस जोडल्यावर ८ तास. आपल्याच औषधाहून चांगला मार्ग आहे हे आपणच आकड्यांनी दाखवायचे, याला आम्ही फार मोठी गोष्ट मानतो.

प्रतिलस घोड्यांच्या रक्तापासून होते. ती किंवा दुसरे कोणतेही औषध एखाद्याच्या शरीराला सहन झाले नाही तर अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब एकदम उतरतो. अशा वेळी जीव वाचवणारे पहिले औषध कोणते? अॅड्रिनॅलिन! मोठ्या माणसाला १:१००० मधले अर्धा मिलिलीटर, मांडीच्या स्नायूत. विंचूदंशात ज्याच्या पुराने मूल मरते, तेच येथे थेंबाने वाचवते. विंचूदंशाच्या रुग्णांत प्रतिलसीचा असा त्रास कमी दिसतो, त्याचे कारण त्यांच्या शरीरात अॅड्रिनॅलिन आधीच भरपूर असते, असे मानले जाते. थिएटरात अॅड्रिनॅलिनची अँप्युल कोठे ठेवली आहे हे रोज सकाळी पहिल्यांदा बघून ठेवा. शोधायची वेळ येईल तेव्हा शोधायला वेळ नसेल.

शेवटी सभागृहातल्या वडीलधाऱ्यांसाठी. कोणाला विंचू चावला तर वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवा. चावलेली जागा कापू नका, चोखू नका. ठणका असेल आणि हातपाय गरम असतील तरी दवाखान्यात न्या. घाम, उलटी आणि थंड हातपाय दिसले तर एक मिनिटही न दवडता न्या, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मोठ्या रुग्णालयात पाठवायची वेळ आली तर पहिल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी मागून घ्या. तीत गोळी कोणती दिली, किती मिलिग्रॅम दिली आणि किती वाजता दिली, हे लिहिलेले आहे ना, ते आपल्या घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

जय भीम.